रात्री आठचा वायरलेस

रोज रात्री आठला डोन्या रोसाउरा वायरलेसवर येते.
"ऐकू येतंय का, वेधशाळा?"
येतंय, सांगा.
"वाफ थोडी, पांढरी. माथ्यावर ढग.
कांद्यावर राख नाही."
मी वहीत लिहितो: राख नाही.
कांद्यासाठी रकाना नाही.

आंदीजच्या आमच्या नकाशावर
परवापरवापर्यंत हा डोंगर करडा होता. मृत.
मग रस्ता रुंद करायला दरड कापली
आणि मातीत बोटभर जाडीचा राखेचा पट्टा निघाला,
पट्ट्याखाली जळकं कणीस.
प्रयोगशाळेनं कळवलं:
सहाशे वर्षं, चाळीस इकडेतिकडे.
डोंगराच्या हिशेबात ही दुपारची डुलकी.
मी रबरानं 'मृत' खोडलं. कागद जरा फाटला.
वर लिहिलं: जागृत.
देवाला लावतात तोच शब्द,
फक्त इथे नवस उलटा.
पावू नकोस.

पंचायतीच्या खोलीत नकाशा टांगला.
वर्षभरात उद्रेकाची शक्यता, म्हटलं, शंभरात तीन.
"म्हणजे होणार की नाही?" सरपंच.
सेगुंदो तोआपांता मागून उठला,
लाल पट्ट्याच्या काठावर बोट ठेवलं:
"माझं घर अर्धं आत, अर्धं बाहेर.
झोपू कुठल्या अर्ध्यात?"
लोक हसले. मीही.
रेघेची जाडीच जमिनीवर चाळीस मीटर भरते
हे तेव्हा सांगायला हवं होतं.

आज दुपारपासून सुई थरथरतेय,
आजारी माणसाच्या सहीसारखी.
उतारावरचं यंत्र म्हणतं, डोंगर फुगलाय,
किलोमीटरभर लांब फळीखाली
एक नाणं सरकवावं इतकाच.
तीनाचे अकरा झाले. अकराचा मेल राजधानीला गेला.
उत्तर आलं: कळवत राहा.

आठ.
"वाफ दिसत नाही, धुकं आहे.
ओढ्यात बटाटे धुतले.
पाणी कोमट लागलं, पोरा.
आधी वाटलं, माझेच हात गार असतील."
मी समासात लिहिलं: कोमट.
खाली दोन रेघा.

"कांदा अजून आठवडाभर जमिनीत राहायला हवा.
काढू का आजच?"

अकरा म्हणजे एकोणनव्वद वेळा
कांदा कोवळाच उपटला जाणार,
पैसे पडणार, शिव्या मला.
बटण दाबलं आणि धरूनच ठेवलं.
बटण दाबलेलं असलं की
पलीकडे आपला श्वास ऐकू जातो,
हे मला माहीत नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.
"कंदील लावते. काढायला घेते."