कोटाची दुमड

मॉन्टेरेचा किनारा, साल अडुसष्ट. खोलीत
एक लाकडी बाक, खिडकीत समुद्र,
आणि भिंतीवर चौकटी आखलेला कागद. त्यासमोर
मी माणसांना उभं करून फोटो काढायचो.

इग्नात्सिया बालेस्त्रेरी, वय सत्तावन्न.
वीस वर्षं तिनं डब्यांत सार्डिन भरले,
मग समुद्रातले सार्डिन संपले, कारखान्याला कुलूप लागलं,
पण तिचा उजवा खांदा कामावरून घरी आलाच नाही.
रोज केलं ते अंगवळणी पडलं,
आणि वळण अंगातच राहिलं.

हेडाबाई आधी रसायनशास्त्रातल्या.
नळ्या सोडून हातांकडे कशा वळल्या,
कधी नीट सांगितलं नाही.
एकदा जेवताना संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा
उजेडात धरला : "माणूस ह्यात टांगलेला असतो.
हाडं नुसती अंतर राखतात.
हा आखडला की आपण आखडलो.
कशानं आखडला,
ते त्यालाच विचार."

पाचव्या खेपेला बाईंचं कोपर बरगडीखाली
ओल्या मातीत मूळ उतरावं तसं उतरलं.
मला वाटलं, आता रडेल. पुष्कळजण रडतात.
ती मोजू लागली. सिसिलीच्या बोलीत, दबक्या आवाजात,
एकशे बारा, एकशे तेरा…
काय मोजतेस, कोणी विचारलं नाही.
एकशे चाळीसच्या आसपास श्वास पोटापर्यंत पोचला
आणि आकडा चुकला.

उठून उभी राहिली. म्हणाली,
ही खिडकी तिरपी बसवलीय.
बाई हात पुसत म्हणाल्या, "मी जागा केली.
पुढचं जमीन बघेल. तिची ओढ तीच,
वाकड्याला पाडते, सरळाला उभं धरते."
हे मला आजही पुरतं पटलेलं नाही.
फोटोत मात्र खांदा एक चौकट खाली आहे.

कोट चढवला आणि आरशापाशी थबकली.
खांदा वर ओढायचा म्हणून तिनंच कधीतरी
उजवी दुमड दोन बोटं जास्त सोडली होती.
आता अंग सरळ, कोट वाकडा.
"ह्याची शिलाई कोण देणार?"
जिनाभर ओरडत गेली.

महिन्यानं आली. दुमड उसवलेली,
नुसत्या टाचण्या लावलेल्या.
शिवली नाहीस? मी कॅमेऱ्यामागून विचारलं.
"थांब जरा," म्हणाली, "बघू दे,
दोघींतली कुठली टिकते."