सरळ धर

निवतीच्या उपकेंद्रात अकराला वीज गेली,
मशीन मुकं झालं.
पट्टीला वीज लागत नाही.
पुण्याहून आलेली, प्रयोगापुरती, मोजून पन्नास.
ही एकोणिसावी.

जयवंती खवणेकर विचारते,
“रंग खंयचो लावलंस हेका?”

कसलाच नाही, मावशी.
नुसते थर, कांद्याच्या पापुद्र्यासारखे,
पण केसाहून कितीतरी पातळ.
उजेड आत शिरतो, थराथरावरून मागे फिरतो
आणि येताना निळा होऊन येतो.
साखर थर फुगवते.
फुगले की निळ्याचा हिरवा, हिरव्याचा तांबडा.
बांगड्याच्या पोटाची चकाकी तरी
कुणी ब्रशाने दिलीय?

हे शेवटचं तिला पटतं.
तिची पाटी बाहेर पायरीवर,
ओल्या गोणपाटाखाली.
आणि पायाच्या अंगठ्याला गणपतीआधी लागलेला
पाकटीचा काटा,
त्याची जखम दिवाळी आली तरी उघडी.

बाटलीत पट्टी बुडवली.
एक मिनिट.
ती पट्टीकडे बघत नाही,
पाटीभोवती फिरणाऱ्या कावळ्याकडे बघते.
पट्टी आधी मोरपिशी,
मग शेवाळी,
मग न घासलेल्या तांब्यासारखी.

मी पेनाचं टोपण काढतोय तोवर
तिनं चिमट्यासकट पट्टी घेतली,
दारातल्या उजेडात नेली,
जराशी कलती केली.
हिरवी.
आणखी कलती.

“बघ. निळी.”

खरंच निळी.
सोबतच्या कागदावर लिहिलंय : समोरून, सरळ पाहावे.
मी कोनाचं काहीतरी सांगायला तोंड उघडतो.
“शिळो बांगडो असोच धरूचो लागता गिऱ्हाइकाफुडे,”
ती म्हणते.
हसत नाही.
चाळीस वर्षं वेंगुर्ल्याच्या बाजारात
तिनं उजेडाशी हा व्यवहार केलाय.

मग तिनंच मनगट फिरवलं,
सावकाश,
शेजारणीला मासळी दाखवताना फिरवत असेल तसं.
तांबडी.

“आता लिव.”

मी लिहिलं. सही केली. कुडाळची चिठ्ठी दिली.
तिनं ती कमरेच्या पिशवीत
सुट्या पैशांत घातली
आणि कावळ्याला शिवी देत पायरी उतरली,
अंगठा जमिनीला न टेकवता.

पट्टी टेबलावर राहिली.
वाळता वाळता थर पुन्हा आवळत होते,
कडेनं निळा रंग परत येत होता,
सुंदर.
मी तिच्यावर वही ठेवली.