आकडा

साठाव्या मिनिटाला माझ्या हातात चिठ्ठी येते.
तिकीट खिडकीवरची पोरगी ती घडी घालून देते,
उधारीचं बिल द्यावं तशी.
मी घसा साफ करतो, माईक चालू करतो:
थॉर्नशॉकर मंडळी, आजची उपस्थिती
सहा हजार दोनशे अकरा.
आणि पूर्वेकडच्या उघड्या पायऱ्यांवरून हशा उठतो.
माणसं हसतात की पायऱ्याच, कळत नाही;
इतकं रिकामं सिमेंट आहे तिथे.

आठवडाभर मी टायर बदलतो.
चाकाला पाच नट म्हणजे पाच.
रविवारी मात्र चिठ्ठीत असेल ते वाचायचं.
पास विकले गेले, म्हणजे माणसं आली.
शाळेत फुकट तिकिटं वाटली, म्हणजे शाळा आली.

मी सात वर्षांचा होतो तेव्हा हिशेब उलटा होता.
बाप मला काखेत धरून
फिरत्या फाटकावरून पलीकडे ठेवायचा,
आणि फाटकवाला पिकल्स नेमका तेव्हाच
रुमालात नाक शिंकरायचा.
माझ्यासारखी शेकडो पोरं त्या दांड्यांवरून अलगद गेली,
कुठल्याच वहीत नाहीत.
खाण चालू होती. पहिली पाळी सुटली की
पापण्यांत कोळसा घेऊनच लोक यायचे.
आकडा कमी, माणसं जास्त.

आता मोठ्याला अठ्ठावीस पौंड, पोराला बारा.
ऐनवेळी खिडकीवर घेतलं तर वर दोन,
उशिरा ठरवल्याचा दंड.
नवरा-बायको, दोन पोरं, चौघांना चिप्स:
शंभराची नोट मोडते, सुटे परत येत नाहीत.
माझा मेहुणा म्हणतो, घरी टॅकल तीनदा दाखवतात
आणि संडासाला रांग नसते.
यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

मे महिन्यात कपची सेमीफायनल होती, परक्या शहरात,
पंचेचाळीसपासून पुढे.
वरच्या मजल्यावर ताडपत्री अंथरली होती
आणि आम्हांला कॅमेऱ्यासमोर दाटीवाटीने बसवलं,
लग्नाच्या फोटोत बसवतात तसं.
टीव्हीवर मैदान खच्चून भरलेलं दिसलं म्हणे.
मी मागे वळून पाहिलं, तर वारा ताडपत्री
उचलून बघत होता.

डोरीन ऑल्डरॉइड येते.
एफ रांग, बेचाळीस. एक्केचाळीस क्लिफची.
त्याला जाऊन तीन हिवाळे झाले.
फाटकाशी ती आधी त्याचं कार्ड टेकवते.
हिरवा दिवा. तळहाताने दांडा ढकलते,
फाटक खट्ट करून रिकामंच फिरतं.
ती थांबते. म्हाताऱ्या गुडघ्यांना
पलीकडे जायला लागेल, तेवढीच.
मग स्वतःचं कार्ड.
एकदा एका नव्या पोराने विचारलं,
आजी, कार्ड बिघडलंय का?
नाही रे, म्हणाली, नवरा पुढे गेलाय.

यंदा भाव वाढले तेव्हा ती खिडकीवर आली होती,
मी मागेच उभा.
क्लिफ मार्चमध्ये पासष्टचा होतोय, म्हणाली,
ज्येष्ठांची सवलत लाव.
पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.
तिने जन्मतारीख टाइप केली.
कॉम्प्युटरने काही विचारलं नाही,
एकशे दहा पौंड कमी केले.
डोरीनने पावती दोनदा वाचली
आणि म्हणाली, खूश होईल, चिक्कू आहे मेला.

तर सहा हजार दोनशे अकरा.
दोन हजार तरी त्यातले खोटे, मला ठाऊक आहे,
हसणाऱ्यांनाही ठाऊक आहे.
एकाबद्दल मात्र मी वाद घालणार नाही.

हशा विरतो, स्क्रम लागतो,
डोरीन एक्केचाळीसवर थर्मॉस ठेवते,
मग काहीतरी आठवून
उचलून मांडीवर घेते.