आता किंवा नंतर

रात्री साडेअकराला दिवा मालवायला गेले
तर पडदा निळा झालेला,
त्यात एक चक्र फिरत होतं:
अपडेट सुरू आहे, बंद करू नका.
मी कुठं सुरू केलं होतं?
मी फक्त बागींच्या पत्रिकेची
शेवटची ओळ मधोमध आणत होते.

वडगावात आमच्या गल्लीतल्या मागांचा खटका
रात्री उशिरा थांबतो.
तो थांबल्यावर ऐकू आलं,
कॉम्प्युटरच्या पोटातला पंखा किती धापा टाकतोय ते.
टिळकवाडीतल्या एकानं क्लास मोडताना विकलेला,
ज्वारीच्या पिंपाशेजारी बसवलेला,
माझ्यापेक्षा हळू, पण माझ्या सवयीचा.

अठ्ठावीस टक्के. एकतीस.
मोबाईलचा दिवसाचा डेटा त्यानं पिऊन टाकला,
बाराला नवा मिळाला, तोही प्यायला.
त्र्याऐंशीवर हेस्कॉमनं वीज नेली.
अंधारात मी आणि तो, दोघंही
अर्धवट काहीतरी होऊन बसलो.

सकाळी उठला.
'स्वागत आहे' म्हणाला, मलाच, माझ्या घरात.
डावीकडचं बटन मध्यावर गेलेलं.
प्रिंटरला ओळख दाखवेना,
नऊ वर्षांचा शेजार असून.
पत्रिका उघडली.
'शुभविवाह'च्या जागी रोमन अक्षरं,
डोक्यावर टिंबं घेतलेली,
मध्येच डॉलर, मध्येच पाऊंड,
कुलदैवताच्या जागी तीन उद्गारचिन्हं.
माझा जुना फॉन्ट,
प्रेसच्या नागनूरकरांनी फ्लॉपीतून दिलेला,
नव्या मांडणीत बसेना म्हणून
त्याला कुणीतरी उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं.

म्हटलं, मागची कानडी बाजू तरी बघू.
नवरी यमकनमर्डीची, नवरा येळ्ळूरचा.
एका अंगाला मराठी, दुसऱ्याला कानडी,
कुठलं अंग वर, यावर दोन बैठका झालेल्या.
तिथंही तोच डॉलर, तीच टिंबं.
अंगावरचा फॉन्ट काढला की
दोघी आतून एकच आहेत
हे मला त्या सकाळी कळलं,
आणि कुणाला सांगावं ते कळलं नाही.

भार्गव बेंगळूरहून फोनवर हसला.
आई, ते गरजेचं असतंय, नाहीतर चोर शिरतोय.
असेल. मी चोराला बोलावत नाही.
पण चोर येईल म्हणून
रात्री येऊन घराची कुलपं बदलायची
नि किल्ली घरच्यांनाही द्यायची नाही,
ही कुठली राखण?
तुला विचारलं असणार की, म्हणाला.
विचारलं होतं: आता, की नंतर.
'नको' असं बटन नव्हतं.
रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या
तेव्हा तर हे दोन्हीही नव्हते.

दहाला कल्लाप्पा बागी आले, प्रूफ न्यायला.
"झालं काय री अक्का?"
"होऊलालंय अजून," म्हटलं, आणि पडदा दाखवला.
चष्मा वर करून, खाली करून बघितलं.
"ह्यात मुहूर्त कुठला?"

मग ओट्यावर, कोऱ्या कागदावर,
मी मराठी लिहिली, त्यांनी कानडी.
त्यांच्या अक्षराला वळण होतं.
माझं की-बोर्डनं बिघडवलेलं,
'ज्ञानेश्वरी' लिहिताना, नवरदेवाच्या आईचं नाव,
हात पहिल्याच अक्षराला अडला.
कागद एकच. वरचं अंग कुणाचं
यावर कुणी काही बोललं नाही.
पोहे गार होत होते.

फोटो प्रेसला गेला. दोनशे प्रती.
रात्री पडद्यावर पुन्हा तीच पाटी:
उरलेला भाग बसवायचा आहे. आता? नंतर?
मी 'नंतर' दाबलं.
मग वायरच ओढली,
आणि ती हातात धरून
थोडा वेळ तशीच उभी राहिले.
गुरुवारी हिंडलग्याच्या बारशाची पत्रिका द्यायची आहे,
आणि ती आतच आहे.