तरंगली तर

बाबांच्या खांद्यावरची गाठ वीस वर्षं होती.
तांबट आळीत ठोका पडला की सदऱ्याखाली हलायची,
बोटानं ढकलली की सरकायची, पुन्हा जागेवर.
आम्ही पोरी तिला बाबांचं बटण म्हणायचो.
शेवटी बनियनची शिवण घासते म्हणून काढली
आणि बरणीत मीच टाकली,
कॅनडा कॉर्नरच्या लॅबमधला माझा तिसरा महिना.
फॉर्मॅलिनवर तरंगली.
पिवळी, मऊ, ताकावरच्या लोण्यासारखी.
मॅडम म्हणाल्या, चरबी आहे. घरी जा, जेव.

तेव्हापासून मी बरणी आधी उजेडासमोर धरते.
याला शास्त्र म्हणत नाहीत.
तरंगणारीही कधी दगा देते, मॅडमनी दाखवलंय.
तरी धरते.

अठरा वर्षांत काय काय आलं.
मज्जातंतूच्या सालीतून उगवलेली एक,
वरून टिचकी मारली की करंगळीपर्यंत झिणझिण्या;
काचेखाली तिच्या पेशी रेशनच्या रांगेत उभ्या.
रक्तवाहिन्यांचे जांभळे गुंते,
दाबले की विरणारे, सोडले की भरणारे.
आणि ती चिवट, पोटाच्या भिंतीतली,
बाळ दीड वर्षाचं असताना आईला झालेली:
गाव सोडून कुठं जात नाही,
पण बांध कोरते. दरवर्षी एक वीत.

आज सोपान गायधनी, वय एक्केचाळीस, मु. पळसे.
डावी मांडी, खोलवर.
बरणीत मावली नाही, बादलीतून आली.
बुडाली.

कागदावर लिहिलंय: दुखत नाही.
दुखत नाही म्हणून द्राक्षाचा अख्खा हंगाम गेला,
क्रेट लागला असेल म्हणून विटेचा शेक झाला,
मग कुणीतरी सोलून काढली,
मटाराचा दाणा निघावा तशी अलगद निघाली म्हणे.
तिथंच तर फसगत.
आजूबाजूचं मांस रेटून रेटून
ती स्वतःभोवती साल घडवते,
आणि सालीपलीकडे
तिचीच चार माणसं आधी जाऊन बसलेली असतात.
चौदा महिन्यांत परत. आधी लिंबाएवढी होती,
आता शहाळ्याएवढी.

मी कडांना शाई लावते.
वर निळी, खाली काळी, हाडाकडे हिरवी.
बाबा भांड्याच्या काठावरून अंगठा फिरवतात,
पत्रा कुठं पातळ झालाय ते चाचपत,
तशी फिरते मी. मधलं ते मधलं,
माणूस वाचतो तो काठावर.

काउंटरवर त्याची बायको.
बोटांच्या पेरांना अजून बागेतल्या औषधाचा पिवळा रंग.
साधीच आहे ना, ताई?
सांगायची आम्हाला बंदी आहे.
डॉक्टर सांगतील, मी म्हणते.
ती जात नाही.
मग छातीचा सीटी कशाला सांगितला?
गाठ तर मांडीत होती.

मांडीतून निघालेलं रक्त कुठं जातं ते मला पाठ आहे.
वर, हृदयात, आणि तिथून थेट फुप्फुसात,
गावोगावच्या एस.टी. सीबीएसला येतात
तसं न चुकता, सगळं.
वाटेत कोण चढलं, कंडक्टर विचारत नाही.
मी तिला बाक दाखवला.
ती उभीच राहिली.

गुरुवारी दुपारी मॅडम काचेवरून डोळा काढत नाहीत.
लांबुडक्या पेशी माशाच्या काट्यासारख्या तिरप्या,
जागोजागी फुटणाऱ्या, एकातून दोन, घाईत.
निळी शाई, अकरा मिलीमीटर मोकळी.
काळी, नऊ.
हिरवी
मॅडमनी दोनदा मोजली.

घरी बाबा घागरीच्या गळ्याशी बसलेले.
रोज विचारतात तसं विचारलं,
काय गं, तरंगली का?
मी चप्पल काढता काढता म्हणाले, दोन मिलीमीटर.
त्यांना काही माहीत नव्हतं. कशाचे दोन, कुठले दोन.
हातोडी मांडीवर ठेवून ते थोडा वेळ गप्प राहिले.
दोन म्हणजे पुष्कळ झाले, म्हणाले,
घागरीचा पत्रा एकाचाच असतो.
आणि पुन्हा ठोकायला लागले,
हलक्या हातानं,
गळ्याकडे वळतो तिथं.