पारंपरिक

पेठ रोडला, पिठाच्या गिरणीवर माझा स्टुडिओ.
दुपारी एकला गिरणी बंद होते,
तेव्हा कुठे माईक उघडायचा.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, पंखा बंद,
तरी हेडफोनात बारीक पीठ उडतंय
असा भास मला कायम होतो.

केतकी दुसाने नऊवारी नेसून आली नाही,
बरं वाटलं. जीन्स, चपला, हातात थर्मास.
पाच वर्षं ती केडी होती.
मॉलची उद्घाटनं, द्राक्षमळ्यातले वाइनचे जलसे,
चमचमतं जाकीट, मागे नाचायला चार पोरी.
‘सिग्नलवर थांब ना, हिरवा व्हायच्या आत’,
या ओळीवर सिडकोपासून ओझरपर्यंत
लोकांच्या हळदी लागल्या.

आता म्हणे मातीतलं करायचंय.
‘लोक’ हा शब्द तिने तीनदा उच्चारला,
तिन्हीदा वेगळ्या पट्टीत.

सोमा भोये सुरगाण्याच्या एसटीने आला,
सिमेंटच्या गोणीत पितळी थाळी गुंडाळून.
थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा, त्यात उभी काडी.
काडीवरून चिमूट ओढत आणली
की थाळी वाजत नाही, घुमते.
मी सूर मोजायला यंत्र लावलं.
सुई काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे
बांधावर बसलेल्या माणसासारखी,
कुणाच्याच वावरात उतरेना.
‘थाळी जरा वर घेता येईल का, बाबा?’
केतकीने विचारलं.
त्याने ती उचलून मांडीवर घेतली.

मग सहा टेक.
दर ओळीच्या शेवटी ती एक गिरकी घ्यायची,
सवयच, जिना संपल्यावरही
पाय अंधारात आणखी एक पायरी चाचपतो तशी.
सोमा दरवेळी हात थांबवून वाट बघायचा.
शेवटी म्हणाला,
‘बाई, तू मला सांगते.
मला नको सांगू, मला ठावं हाय.
रात मोठी असते. तिला सांग.’

सातव्याला तिने गिरकी घेतली नाही.
छान झालं असं मी म्हणणार नाही.
उघडं झालं.
मी कॉम्प्रेसरवरचा हात काढून घेतला.

मग सह्यांचा कागद.
गायिका: केतकी दुसाने. संयोजन: मी.
शब्द आणि चाल: पारंपरिक.
सोमाने नातवाकडून वाचून घेतलं, दोनदा.
‘ह्यो पारंपरिक कुठला?
आमच्याकडचा नाही वाटत.
त्याला किती देणार?’
आम्ही दोघं हसलो.
तो उत्तराची वाट बघत राहिला.

तेवढ्यात नातवाने, हर्षलने, कंटाळून मोबाईल लावला.
मावसबहिणीचं लग्न, पेटलेल्या शेकोट्या,
पावरीचा भोपळ्यातून निघालेला घोगरा श्वास
आणि एकमेकींच्या कमरेला धरून गोल फिरणाऱ्या बाया:
‘शिवंवर थांब ना,
नागली हिरवी व्हायच्या आत.’

केतकीच्या थर्मासचं झाकण हातातच राहिलं.
‘कुणाचं रे हे गाणं?’
‘आमचंच.’ त्याने मान वर केली नाही.
‘जुनं हाय. आज्जीपण म्हणते.’

चार वर्षांपूर्वी ते आम्ही इथेच केलं होतं,
याच खोलीत, की-बोर्डवर, दीड तासात.
मी तोंड उघडलं. तिने हातानेच थांबवलं.
व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला
आणि बायांच्या मागून, हलक्या आवाजात,
जाकिटाशिवायच्या आवाजात म्हणू लागली,
‘सिग्नलवर थांब ना...’

‘शिवंवर, ताई,’ पोरगा म्हणाला,
‘सिग्नल कुठं आलाय त्यात? चुकताय तुम्ही.’

तिने पहिल्यापासून घेतलं.
सोमाची चिमूट आपोआप काडीवर गेली.
थाळी तिथेच होती, दोन सुरांच्या मधे,
आणि या वेळी ती खाली उतरून
तिच्याशेजारी बांधावर बसली.

कागदावरचं ‘पारंपरिक’ तिने खोडलं.
तिथे काय लिहायचं ते मात्र सुचेना,
तिलाही, मलाही.
तो कागद अजून माझ्या खणात आहे.

चारला खाली गिरणी सुरू झाली.
माईक बंद करायचं
कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.