क्वाचा म्हणजे पहाट

फत्तेगंजच्या चर्चमागच्या खोलीत, उपासना संपल्यावर,
आम्ही सातजण एका नकाशाभोवती.
मलावी. चिंचेच्या आकड्यासारखा लांबट देश,
एका कडेला सगळं निळं तळं.

जोएल मकवाणने यादी वाचली :
हिवतापाच्या गोळ्या, मच्छरदाणी, टॉर्च,
गुडघा झाकणारे कपडे, ब्रश सात.
उद्देश : शाळेच्या तीन वर्गांना रंग देणे.
त्याखाली पाळकसाहेबांनी पेनाने वाढवलं होतं :
देशाची माहिती करून घेणे.
ते काम माझ्याकडे आलं,
कारण माझं अक्षर चांगलं.

मी लिहिलं, राजधानी लिलाँग्वे,
मुख्य पीक मका, चलन क्वाचा.
पाऊण पान भरलं
आणि देश संपला.

आई म्हणाली, रावपुऱ्यात जशुकाका आहेत, कापडवाले.
पंचवीस वर्षांचे होते, तिकडून आले तेव्हा.

ते गुजरातीत बोलत होते, मी मराठीत,
बडोद्यात त्यासाठी कोणी दुभाषी बोलावत नाही.
सेव-उसळीची ताटली पुढे सरकवून म्हणाले, "मुली..."
मी म्हटलं, काय काका?
"मुली ब्वांजी," त्यांनी वाक्य पुरं केलं,
आणि इतके हसले की खोकला आला.
तिकडे असं विचारतात, कशी आहेस.
उत्तर : न्दिली ब्विनो, काया इनू.
मी बरी आहे, तुमचं मात्र मला ठाऊक नाही.

असं तोंडावर म्हणतात?
"रोज. गिऱ्हाइकाला, शेजाऱ्याला, सासूला."

क्वाचा म्हणजे?
चलन, मी वही बघून सांगितलं.
"क्वाचा एटले परोढ. पहाट.
अने सुट्टा पैसा तंबाला, एटले कूकडो."
शंभर कोंबडे मोजून दिले
की हातात एक पहाट.
हे कुठल्या मथळ्याखाली लिहावं, कळेना.

"आणि तू तिथे जाऊन करणार काय?"
शाळा रंगवणार.
"त्यां कलरवाळा नथी?"

पाव उसळीत तसाच भिजत राहिला.
असतील, मी म्हटलं. माहीत नाही.
"काया," ते म्हणाले, "हवे आवडी गयुं तने."

मग न विचारता सांगू लागले.
दुकानाच्या ओट्याला तिकडे खोंडे म्हणतात.
त्यांच्या खोंड्यावर फिरी नावाचा शिंपी बसायचा.
मशीन त्यांनी दिलेलं, हप्त्याने. बारा हप्ते.
अकरा फेडून झाले होते
आणि सरकारी हुकूम आला, खेड्यातली दुकानं सोडा.
ट्रक रात्रीच भरला. अंधारात कोणी काय उचललं,
कोणी बघितलं नाही.
मुंबईच्या बंदरात पेट्या फोडल्या
तर भुशात ते मशीन.

ते अजून आहे. कोपऱ्यात, भरतकामाच्या कव्हराखाली,
वर टेलिफोन.
काकू आतून म्हणाल्या, दोन्ही मुलींच्या लग्नाची ब्लाउजं
मी त्याच्यावरच शिवली,
सुई एकदा अडकली नाही.

मी विचारलं, त्याच्या घरच्यांना काही द्यायचं का, मी नेईन.
जशुकाका बराच वेळ टेबलफॅनकडे बघत राहिले.
मग बिलबुकाच्या मागे गावाचं नाव लिहिलं, गुजरातीत,
ओटा आहे का तेवढं बघ म्हणाले,
आणि ताटली उचलून आत गेले.

सुरसागरावरून परतताना स्कूटर हळू चालवली.
तीन वेळा मोठ्याने म्हणून बघितलं, काया इनू, काया इनू,
सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, हें बेन?

रविवारी जोएलने विचारलं, झाली का माहिती?
सगळे पेनं उघडून बसलेले.
मी म्हटलं, आधी उभे राहा,
एकमेकांना विचारा कसे आहात,
आणि उत्तरातला दुसरा अर्धा गाळू नका.
मग त्यांना तो प्रश्न सांगितला,
उसळीच्या ताटलीसमोर मला पडलेला.

अक्सा हसली. बाकीचे गप्प.
जोएलने यादीत "ब्रश सात" शोधलं
आणि त्यापुढे शिसपेन्सिलीने,
खोडता येईल असं,
प्रश्नचिन्ह काढलं.